बेताचे मार्क आणि वन्संचा संशय

वन्सं,

तुमच्या तेराव्याला जेवून गेलेल्या माणसांनी तुमचं फार कौतुक केलं. 'किती प्रेमळ होत्या', 'कधी कुणाला दुखावलं नाही', 'सदा हसतमुख'. मी पंगतीत भात वाढत ऐकत होते आणि मला त्यातल्या एकाही वाक्याचा भरवसा वाटत नव्हता. ही माणसं नेमक्या कुणाच्या तेराव्याला आली आहेत, असं एकदा विचारून घ्यावं म्हणून मी सुधीरकडे बघितलं. तुमच्या धाकट्या भावाने मान खाली घातली होती आणि त्याचे खांदे हलत होते. रडत होता की हसत होता, ते मला कळलं नाही.

तुम्ही प्रेमळ नव्हतात. लग्नपत्रिकेतलं 'आहेर आणू नये' वाचून 'म्हणजे पाकीट आणा' असा अर्थ लावणाऱ्या होतात. आंबेवाल्याने आपणहून फोड कापून चाखायला दिली, तर 'हा एकच गोड असणार' म्हणून पुढे चालू लागणाऱ्या. आमच्या लग्नात, अक्षता अजून माझ्या केसांतून गळत होत्या तेव्हा, तुम्ही माझ्या आईला बाजूला घेऊन विचारलं होतंत, "मुलीला चष्मा आहे का हो? डोळ्यांत काहीतरी घातल्यासारखं वाटतंय." चष्मा होता. लेन्स आईनेच घालायला लावल्या होत्या. त्या दिवसापासून तुम्ही माझ्यावर नजर ठेवलीत आणि मी तुमच्यावर. नणंद-भावजय म्हणून आपलं बरं चाललं, कारण दोघींनाही एकमेकींकडून भलत्या अपेक्षा नव्हत्या.

एवढा संशय आणता कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही वाटाणे सोलत होतात. म्हणालात, "टेलिफोनच्या नोकरीत आयुष्य गेलं माझं. ट्रंककॉल जोडून द्यायचे. एकच माणूस सकाळी आईशी, दुपारी बायकोशी आणि संध्याकाळी साहेबाशी कसा बोलतो ते ऐकलं, की मग विश्वास ठेवायचा म्हटलं तरी कुठे ठेवणार?" आणि एक दाणा किडका निघाला, तो मला दाखवलात. जणू तो पुरावाच.

आमच्या मुक्ताचा बारावीचा निकाल लागला तेव्हा धायरीच्या घरात पेढे आणावेत की नाहीत यावरच एकमत होईना. नापास झाली असती तर निदान रडता आलं असतं. मार्क साठीच्या अलीकडे रेंगाळत होते. प्रवेश परीक्षेतही तेच, म्हणजे रांगेत आहोत पण खिडकी दिसत नाही अशातलं. त्यात फ्लॅटचे हप्ते चालू, आणि सुधीरच्या कंपनीचं काही खरं नव्हतं. तुम्ही शनिवार पेठेतून बस बदलून आलात, स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलात आणि खुर्चीत टेकता टेकता म्हणालात, "पोरगी बेताची आहे. एकदा कबूल करून टाका, म्हणजे पुढचं सोपं जाईल."

"वन्सं, हळू बोला. आत आहे ती."

"मग? तिला माहीत नाही का? तिचेच मार्क आहेत."

मी तुम्हाला तिथेच चार शब्द सुनावणार होते. पण मुक्ता बाहेर आली. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "आत्या, बेताची म्हणजे नक्की काय गं?"

तुम्ही तिला जवळ वगैरे घेतलं नाहीत. म्हणालात, "म्हणजे कोणी दार उघडून 'या' म्हणणार नाही. आपण जाऊन दारं ठोठावायची. आणि जो चटकन उघडेल, त्याला आधी फटीतून नीट बघून घ्यायचं."

ती हसली. निकालानंतर पहिल्यांदा. मला त्याचाही राग आला. मी सकाळपासून 'मार्क म्हणजे सगळं नसतं बाळा' असं घोकत होते आणि ती रडत होती. तुम्ही तिला बेताची म्हणालात आणि ती हसली. का, ते मला अजूनही नीटसं कळलेलं नाही.

त्याच आठवड्यात सिंहगड रोडवरच्या एका समुपदेशकाकडे मी तिला घेऊन गेले होते. तुम्हाला न सांगता. थंडगार ऑफिस, भिंतीवर टोप्या उडवणाऱ्या मुलामुलींचे फोटो, आणि ब्लेझर घातलेले सर. त्यांनी मुक्ताचे मार्क ऐकले आणि भुवयासुद्धा उंचावल्या नाहीत. तुम्हाला कधी मूल नव्हतं, म्हणून सांगते. त्या दिवसांत मार्क ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, तो माणूस देवासारखा वाटतो. हायवेच्या पलीकडे एक नवीन कॉलेज आहे म्हणाले, कॉम्प्युटरचा कोर्स, नोकरीची हमी, फीसाठी कर्जाची सोय तिथेच. "फक्त दोनच जागा शिल्लक आहेत, ताई. उद्या संध्याकाळपर्यंत मी तुमच्यासाठी धरून ठेवतो."

मी सुधीरला फोन केला. सुधीरने तुम्हाला केला. तिथेच घोटाळा झाला.

"मार्क ऐकून त्याला काहीच वाटलं नाही?" तुम्ही लगेच मला फोन करून विचारलंत.

"नाही. किती चांगलं ना?"

"ज्याला मार्कांचं काही वाटत नाही, त्याला मार्कांशी देणंघेणं नाही. मग कशाशी आहे, तेवढं शोध."

ते कॉलेज बघायला आपण तिघी गेलो. दारात कारंजं होतं. तुम्ही म्हणालात, "लग्नाचं कार्यालय आहे का हे?" जाकीट घातलेली एक मुलगी आपल्याला फिरवायला दिली होती. तुम्ही तिला अगदी मायेने विचारलंत, "बाळ, तू इथेच शिकतेस ना? मग आज सकाळी काय शिकवलं?" ती गोड हसली आणि आपल्याला वाचनालय दाखवायला घेऊन गेली. तिथे तुम्ही एक पुस्तक काढलंत, उघडलंत आणि नाकाला लावलंत. लोक बघत होते. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. "कोरा वास आहे," तुम्ही जाहीर केलंत. "कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही."

परत येताना बस थांब्यावर तिथल्याच दोन मुली उभ्या होत्या. तुम्ही त्यांना पाणी विचारलंत. बाटली तुमच्या पिशवीत भरलेली होती, मला दिसत होती. पाणी पिता पिता तुम्ही त्यांच्याकडून काढून घेतलंत की शिकवायला आलेले सर दिवाळीपर्यंत टिकत नाहीत, आणि नोकरीची हमी म्हणजे फोनवरून पॉलिसी विकायचं काम. मी म्हटलं, दोन मुलींच्या बोलण्यावरून काय ठरवायचं? नाराज मुलं सगळीकडेच असतात. तुम्ही म्हणालात, "बरोबर. म्हणून मीही अजून ठरवलेलं नाही."

दोन-तीन दिवसांनी मी भाजी घेऊन येत होते आणि तुम्ही त्या समुपदेशकाच्या ऑफिसातून बाहेर पडताना दिसलात. एकट्या. सर दारापर्यंत सोडायला आले होते आणि तुम्ही दोघं हसत होतात.

वन्सं, तुम्ही इतक्या संशयी की तुमच्याबद्दल संशय घ्यायला मला कोणाकडून शिकायची गरज नव्हती. माझ्या डोक्यात काय काय आलं. तुम्हाला मुक्ताने पेठेतल्या कुठल्यातरी कॉलेजात जावं, तुमच्याकडे राहावं, म्हातारपणी सोबत व्हावी, असं वाटत होतं का? म्हणून इथला प्रवेश मोडायला आलात? की उलटच, वरून विरोध आणि आतून हातमिळवणी? मी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडला आणि सरळ विचारलं, "तुम्ही इथे काय करताय?"

"चहा प्यायले. बेकार होता."

"वन्सं!"

"उद्या दुपारी येते. सुधीरला घरी थांबायला सांग."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या हॉलमध्ये बसलात, फोनचा स्पीकर लावलात आणि त्या ऑफिसला फोन केलात. पण तुमचा आवाज तुमचा नव्हता. कुठल्याशा खेड्यातल्या, ऐकायला कमी येणाऱ्या म्हातारीचा होता. "माजा नातू हाय हो. बारावीला दोनदा बसला. मार्कं लई कमी हायती. मिळंल का हो कुठं?" मुक्ताने तोंडावर उशी दाबून धरली. पलीकडून तेच सर, तोच मधाळ सूर, तेच हायवेपलीकडचं कॉलेज. "आजी, तुमचं नशीब चांगलं आहे. फक्त दोनच जागा शिल्लक आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत धरून ठेवतो."

तुम्ही फोन ठेवलात आणि स्वतःच्या आवाजात म्हणालात, "माणूस तोच आहे ना, याची खात्री हवी होती. म्हणून काल समोर बसून आवाज ऐकून आले."

सुधीरने तुम्हाला हात जोडले. मग म्हणाला, "ताई, तू नाटकात जायला हवं होतंस."

"गेले असते. नाटकवाल्यांवर विश्वास नव्हता."

वर्षभराने त्या कॉलेजच्या मान्यतेचं काहीतरी अडलं आणि मुलांना गाशा गुंडाळून दुसरीकडे जावं लागलं. आमच्याच सोसायटीतली एक मुलगी त्यात होती. तिची आई जिन्यात भेटली की मला अजून कसंतरी होतं. मुक्ता त्यांच्यात नव्हती ती तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, "आज अचानक कौतुक? काय हवंय?"

पण सगळं श्रेय तुम्हाला द्यायलाही मी तयार नाही. कारण पुढच्या कॉलेजच्या बाबतीत तुम्ही चुकलात.

गावातल्या एका जुन्या कॉलेजात जाऊन चौकशी तुम्हीच केलीत. एकाच इमारतीत अनुदानित वर्ग आणि विनाअनुदानित वर्ग असतात, फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि ज्या विषयाला कोणी जात नाही त्याची यादी शेवटी शेवटी बरीच खाली येते, हे न विचारता कोणी सांगत नाही. तुम्ही खिडकीवरच्या माणसाला एवढे प्रश्न विचारलेत की त्याने वैतागून सांगितलं, "भूशास्त्राला जागा आहेत. अनुदानित. घेता का?"

"भूशास्त्र म्हणजे?"

"दगडांचा अभ्यास."

"त्यासाठी कॉलेजात कशाला जायचं? आमच्या घरात कमी आहेत का?" असं म्हणून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सुधीरकडे बघायला हवं होतंत.

पण मुक्ता तोवर त्या विभागाच्या दारात जाऊन उभी राहिली होती. जुनी लाकडी कपाटं, काचेमागे खडे, स्फटिक, कुठल्यातरी जुन्या समुद्राच्या तळाशी दगड होऊन गेलेली गोगलगाय. एक प्राध्यापक बाहेर आले, शर्टाच्या बाह्यांना खडू लागलेला. त्यांनी एक साधासा काळा दगड तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "तू रोज यावरूनच चालतेस. हा एके काळी पातळ होता." ती तो दगड खाली ठेवीचना.

तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "हा एवढा गोड का बोलतोय? विद्यार्थी मिळत नसणार."

त्यांनी ऐकलं. "बरोबर ओळखलंत, बाई. मिळत नाहीत. बसा."

तुम्ही बसलात. नोकरीचं विचारलंत. ते म्हणाले, "सगळ्यांना मिळतेच असं नाही. पुढे आणखी शिकावं लागतं. ज्यांना मिळते त्यांना उन्हात उभं राहायला लागतं. बोगदे, धरणं, विहिरी. मुलीच्या मार्कांचं म्हणाल, तर मला चालणारी मुलगी हवी. पायांनी."

मला वाटलं, आता तरी तुमचं समाधान होईल. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तुम्हाला तुम्ही शंका घ्यायच्या आत खरं सांगितलं होतं. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "लबाडी करून फसवणारा परवडतो. खरं बोलून फसवणारा फार वाईट. तो सापडत नाही."

"आत्या, पण मला आवडलं," मुक्ता म्हणाली.

"आवडणं हा तर सगळ्यात संशयास्पद मुद्दा."

तुमचं म्हणणं होतं, कॉमर्स घ्यावं, बँकेच्या परीक्षा द्याव्यात, सावलीत बसावं. बेताच्या मुलीने बेताची उडी मारावी. मी म्हटलं, बेताच्या मुलीलाही काही आवडू शकतं. तुम्ही म्हणालात, आवडून पोट भरत नाही. मी म्हटलं, तुम्हाला टेलिफोन खातं आवडायचं का?  तुम्ही छत्री उघडलीत आणि ऊन नसताना डोक्यावर धरून चालू लागलात. तो वाद आपला तिथेच राहिला, कॉलेजच्या फाटकाशी. मुक्ताने प्रवेश घेतला. तुम्ही महिनाभर आमच्याकडे फिरकला नाहीत आणि मग रविवारी रविवारी फोन करून विचारू लागलात, "दगड काय म्हणतात?"

दगड बरं म्हणतात, वन्सं. मुक्ता आता शेवटच्या वर्षाला आहे. मार्क अजून बेताचेच आहेत. उगाच तुमच्यामागे मी काही वाढवून सांगणार नाही. पण ती चालते. उन्हात करपून, खांद्यावर हातोडा घेऊन घरी येते, आणि बूट काढायच्या आत बोलायला लागते. एका भूजल तपासणीच्या कामावर तिला सुट्टीत घेतलं होतं. गावकऱ्यांना विहीर कुठे खणायची ते सांगणाऱ्यांच्या चमूत ती होती. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाणी लागलं का?" लागलं, म्हटल्यावर म्हणालात, "उन्हाळ्यातही टिकलं तर खरं." पण फोन ठेवताना तुमचा आवाज बदलला होता. आवाज ओळखणाऱ्या फक्त तुम्हीच नव्हतात, वन्सं. तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर थोडा कान मलाही आला होता.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते.

तुमच्या खालच्या मजल्यावरच्या रुक्साना मला दवाखान्यात भेटल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं की तुम्ही कित्येक महिने जिन्यात प्रत्येक वळणावर थांबत होतात. छातीवर हात ठेवून. त्या विचारायच्या तर म्हणायचात, "जिन्याच्या पायऱ्या वाढवल्यात कोणीतरी." मी रुक्सानांवर चिडले. म्हटलं, तुम्ही मला एक फोन नाही केलात? त्या रडायला लागल्या. "नलूताईंनी मुलांची शपथ घातली होती हो. म्हणाल्या, त्या वैशालीला कळलं तर मला धरून डॉक्टरकडे नेईल."

पण मला थोडंफार माहीत होतंच. तुम्ही तुमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेला होतात आणि त्यांनी सांगितलं होतं की हृदयाची तपासणी करून घ्या, आजच. तुम्ही मला हे जेवताना, सहज, आमटीला मीठ कमी आहे अशा सुरात सांगितलंत.

"मग केली का?"

"'आजच' म्हणाला तो. म्हणून नाही केली. घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मुक्ताच्या वेळी बघितलंस ना?"

"वन्सं, तो कॉलेजचा दलाल होता. हे डॉक्टर आहेत."

"दोघांच्याही ऑफिसात एसी आहे."

सुधीर हसला. मुक्ता हसली. मी हसले नाही. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. तुम्ही म्हणालात, दुसरा पहिल्याचा मित्र असतो. मी म्हटलं, तिसऱ्याला विचारू. तुम्ही म्हणालात, "मुक्ताची परीक्षा होऊ दे, मग बघू." मी दर दोन दिवसांनी फोन करत होते आणि तुम्ही दर वेळी विषय दगडांवर नेत होतात.

ज्या अकलेने तुम्ही माझ्या मुलीला वाचवलंत, त्याच अकलेने तुम्ही स्वतःचा जीव घालवलात. हे मी कुणाला सांगू? तेराव्याच्या पंगतीत सांगू? सगळ्यांना वाटतं, तुम्हाला कळलं नाही, वय झालं होतं, एकटं राहणारी बाई. मला ठाऊक आहे की तुम्हाला सगळं कळत होतं. आणि मला हाही संशय येतो की तुम्हाला डॉक्टरांचा संशय नव्हताच. तुम्हाला भीती वाटत होती. भीतीला संशयाचे कपडे घालून तुम्ही आमच्यासमोर बसवलीत, आणि घरातले नेहमीप्रमाणे हसले. आवाजावरून माणूस ओळखणाऱ्या बाईचा आवाज ओळखायला घरात कोणी नव्हतं का? मी होते ना. मला तो सूर ऐकू आला होता. म्हणून तर मी फोन करत होते.

रुक्साना तुम्हाला रिक्षातून दवाखान्यात घेऊन आल्या. आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही खाटेवर बसून नर्सला विचारत होतात की सलाईनच्या बाटलीत नक्की काय आहे. चेहरा राखेसारखा झाला होता. मोठे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, हृदयाची नस बंद आहे, लगेच उघडायला हवी. तुम्ही म्हणालात, "विचार करून सांगते." सुधीर तुमच्या पायाशी बसून, "ताई, ऐक गं," एवढंच म्हणत होता. मुक्ता कॉलेजातून तशीच पळत आली होती. तिने तुमचा हात धरला, तर तो तुम्ही सोडवून घेतलात आणि पदराखाली लपवलात. लहान मुलाने औषध नको म्हणून तोंड मिटावं, तसं.

मग एक शिकाऊ डॉक्टर आला. मुक्ताहून थोडाच मोठा असेल. दाढी वाढलेली, डोळे तांबरलेले. त्याने तुम्हाला समजावलं नाही, घाई केली नाही. स्टूल ओढून बसला. तुम्ही त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलात आणि विचारलंत,

"बारावीला किती होते?"

सुधीरने कपाळावर हात मारला. तो पोरगा मात्र हसला. म्हणाला, "बेताचेच होते, आजी. पहिल्यांदा नंबर लागला नाही. वर्षभर घरी बसून परत परीक्षा दिली."

"आई रडली असेल."

"फार."

तुम्ही डोळे मिटलेत. मग पदराखालून हात काढलात आणि त्याच्यापुढे धरलात. म्हणालात, "कर बाबा काय करायचं ते. पण सावकाश कर."

नस उघडली. सगळं नीट झालं म्हणाले. संध्याकाळी तुम्ही मला सांगितलंत की दवाखान्याच्या चहात दूध नाही, भुकटी आहे. मी घरी आले, चार घास खाल्ले. आणि सकाळी दवाखान्यातून सुधीरचा फोन आला. हृदयाचा बराच भाग आधीच गेलेला होता, असं त्यांनी सांगितलं. उशीर झाला होता. किती उशीर, ते मी विचारलं नाही.

परवा मी दवाखान्यात तुमचे राहिलेले कपडे आणायला गेले होते. तो शिकाऊ डॉक्टर जिन्यात भेटला. त्याने मला ओळखलं, हात जोडले. म्हणाला, आजींची आठवण येते. मी त्याचे आभार मानले. म्हटलं, तुमचा पहिल्यांदा नंबर लागला नाही ते बरंच झालं, नाहीतर आमच्या वन्संनी तुम्हाला हातसुद्धा लावू दिला नसता.

तो ओशाळला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "काकू, खरं सांगू का? माझा पहिल्याच वेळी लागला होता. जिल्ह्यात पहिला होतो मी. पण त्या घाबरल्या होत्या. त्यांना काय ऐकायचंय ते माझ्या लक्षात आलं."

 तुमची साडी पिशवीत होती, ती छातीशी धरून मी जिना उतरले.

वन्सं, तो पोरगा खोटं बोलत होता आणि तुम्हाला ते कळलं नाही, यावर माझा काही केल्या विश्वास बसत नाही. कळलं होतं ना? आणि तरी हात पुढे केलात.